आधी मागून झालेलं काढा

कोकणातलं बंद घर उघडायला गेलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो जेसीबीचा. सल्ला देणारे वाईट नसतात. चुलत्यापासून वाडीतल्या रिक्षावाल्यापर्यंत सगळे आपुलकीनेच सांगतात, की यात आता राम उरलेला नाही, उगाच पैसे घालू नका, सकाळी मशीन आणा, जेवायच्या आत जागा मोकळी होईल. तशी ती होतेही. साठ-सत्तर पावसाळे काढलेलं घर मशीनखाली काही तासांत बसतं. चिरे फुटतात, कौलांचा चुरा होतो, किंजळीच्या वाशांचं सरपण होतं, आणि डंपर येऊन सगळं एकत्र उचलून नेतो. ते घर नेमकं कशाने बिघडलं होतं, हे मात्र त्यानंतर कुणालाच सांगता येत नाही. मग त्याच उताराखाली, त्याच ओलीत नवं घर उभं राहतं आणि काही पावसाळ्यांत त्याच कोपऱ्यात बुरशी धरतं.

हे पुस्तक त्या सल्ल्याच्या विरोधात आहे. वर्षानुवर्षं बंद राहिलेलं, पडवी खचलेलं, माजघरात आभाळ दिसणारं घर पुन्हा राहण्याजोगं करायचं असेल, तर त्यातलं पाडकाम घरच्या माणसांनी स्वतः करावं, निदान त्याची सुरुवात तरी स्वतः करावी, असं मला वाटतं. पैसे वाचतात हे त्याचं एक कारण, पण ते दुय्यम. पाडकाम हा घराचा तपास असतो. कुठली भिंत कुठून भिजली, कुठला वासा कधी बदलला, माळ्याच्या पाट्या कुणी आणि का उचकटल्या, हे सगळं पहार लावल्यावरच कळतं, आणि पहार ज्याच्या हातात असते त्यालाच कळतं. कंत्राटदाराचा माणूस ते पाहतोही, पण त्याला ते तुम्हाला सांगायचं काही कारण नसतं. त्याची रोजंदारी संध्याकाळी संपते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की दुर्लक्षित घरात पाडण्याजोगं जे असतं ते बहुतेक वेळा जुनं नसतंच. ते मागून केलेलं असतं. आजोबांनी बांधलेलं घर उभं असतं आणि वडिलांनी, काकांनी, भाडेकरूने केलेल्या दुरुस्त्या त्याच्या गळ्यात अडकलेल्या असतात. म्हणून शेवटी जे जोडलं ते सगळ्यात आधी काढावं, आणि प्रत्येक थर काढल्यावर थांबून बघावं. पुस्तकातली सगळी प्रकरणं याच क्रमाने लावली आहेत.

घर बिघडतं कसं, हे आधी सांगायला हवं. चाकरमानी मुंबईला गेला, आई-वडील गेले, दाराला कुलूप लागलं. पहिली दोन-तीन वर्षं कुणीतरी मे महिन्यात शाकारणी करतं. पावसाच्या आधी छपरावर चढून फुटकी कौलं बदलणं, सरकलेली जागेवर बसवणं, पालापाचोळा झाडणं, एवढंच ते काम, पण कौलारू घराचं आयुष्य त्याच्यावरच अवलंबून असतं. ती बंद झाली की माकडाने सरकवलेल्या एका कौलातून पाणी रिपेवर पडतं. रीप कुजते, तिच्यावरची आणखी चार कौलं खाली बसतात, पाण्याची वाट रुंद होते. वासा भिजतो, वाशावरून पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरतं. भिंत चिऱ्याची असली तरी आतले सांधे बऱ्याचदा मातीचे असतात. ते विरघळून वाहू लागले की चिरे जागेवर असूनही भिंत पोकळ होते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत घरांची छपरं उडाली. ज्या घरांत माणसं होती त्यांनी मिळेल ते पत्रे आणि ताडपत्र्या टाकून तो पावसाळा काढला. बंद घरांवर कोण टाकणार? त्यातली कितीतरी आज ‘पडीक’ म्हणून दाखवली जातात. त्यांना वय भोवलं नाही, भोवलं ते उघडं राहिलेलं छप्पर.

आता मागून केलेल्या दुरुस्त्यांकडे येतो, कारण या पुस्तकाचा निम्मा जीव तिथे आहे. यातली सगळ्यात मोठी गुन्हेगार म्हणजे सिमेंटचा गिलावा. चिरा ज्याचा असतो तो जांभा सच्छिद्र दगड आहे. जमिनीतली ओल तो वर ओढतो आणि उन्हाळ्यात बाहेर सोडतो. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा आणि शेणामातीचं सारवण त्या ओलीला वाट देत असे, म्हणून जुन्या भिंती पावसाळ्यात गार लागत आणि मार्चपर्यंत कोरड्या होत. मग घरात पैसा आला, ‘मातीची भिंत बरी दिसत नाही’ असं कुणीतरी म्हणालं, आणि आतून-बाहेरून सिमेंट फासलं गेलं. ओल आत अडकली. खालून बाहेर पडता येईना म्हणून ती आणखी वर चढली, गिलावा फुगला, त्याच्यामागे पांढरी खारी साचली, आणि घरमालकाने निष्कर्ष काढला की भिंत म्हातारी झाली.

दुसरी दुरुस्ती म्हणजे घराच्या मागच्या भिंतीला चिकटवलेलं स्नानगृह. पूर्वी न्हाणी परसात असे, आणि तिचं पाणी माडा-केळीला जाई. ती उचलून माजघराच्या मागे आणली, टाइल्स लावल्या, आणि सांडपाण्याचा पाइप जोत्यातून फोडून काढला. तो पाइप सांध्यात गळत असेल तर जोतं वर्षाचे बारा महिने भिजतं. तिसरी दुरुस्ती अर्ध्या घरावर टाकलेल्या स्लॅबची. जुनी भिंत, तिच्यावर एका बाजूला काँक्रीट आणि दुसऱ्या बाजूला कौलं. दोघांच्या मधल्या सांध्यातून गळत नाही असं घर मी पाहिलेलं नाही. चौथी, पडवीवरचे सिमेंटचे पत्रे. त्यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहितो, कारण तिथे जिवाशी गाठ आहे.

सिमेंटचा गिलावा काढण्याचं काम मी नवख्यांना पहिल्याच दिवशी देतो. हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवत जायचं. जिथे गिलावा सुटलेला असतो तिथे ‘बद’ आवाज येतो, जिथे धरलेला असतो तिथे ठणठणीत. पोकळ भागाच्या कडेला रुंद पात्याची छिन्नी जवळजवळ भिंतीला समांतर धरून आत सारायची. समोरून घाव घालायचा नाही. चांगल्या जागी हातभर रुंदीचा पापुद्रा एकदम सुटून येतो आणि त्याच्या पाठीला मिठासारखी पांढरी बुकटी चिकटलेली दिसते. त्या बुकटीची वरची रेषा जिथे संपते तिथपर्यंत ओल चढत होती. ती रेषा खडूने भिंतीवर उमटवून ठेवावी. साऱ्या भिंतीवर ती सारख्या उंचीवर असेल तर ओल जमिनीतून येते आहे. एकाच कोपऱ्यात वर उसळली असेल, तर त्या कोपऱ्याच्या पलीकडे मोरी, पाइप किंवा वळचणीचं पाणी शोधावं. ती रेषा बघायला कुठलंही यंत्र लागत नाही. आणि जिथे गिलावा घट्ट धरलेला आहे तिथे त्याला हात लावू नये. जोर केला तर तो सुटताना दगडाचा दर्शनी पृष्ठभाग घेऊन येतो.

हे काम हलकं वाटतं. पाऊण इंचाचा गिलावा शंभर चौरस फुटांवरून काढला तर खाली साडेतीनशे किलोहून जास्त माल पडतो. नवख्या माणसाचा अंदाज सगळ्यात जास्त इथेच चुकतो. दहा फूट लांब, दहा फूट उंच, नऊ इंच जाडीची विटांची भिंत म्हणजे चार टन. पाडली की सुटा झालेला तोच माल आधीच्या दीडपट जागा घेतो. हा राडारोडा माळ्यावर किंवा वाड्याच्या वरच्या मजल्यावर साचू दिला, तर खालची तुळई कधी ना कधी दगा देते. वरच्या मजल्यावर काम करताना घमेलं भरलं की ते खाली गेलंच पाहिजे, हा नियम आमच्याकडे चहाच्या वेळेपेक्षा कडक पाळला जातो.

पाडकामाच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्यूरोची स्वतंत्र संहिता आहे, आयएस 4130, 1991ची आवृत्ती. ती मोठ्या इमारतींसाठी लिहिलेली, पण तिचा गाभा जुन्या सुतारांना पाठ असलेलाच आहे: जे बांधताना शेवटी चढलं ते उतरवताना आधी उतरतं. कौलं आधी, मग रिपा, मग वासे, मग आढं, आणि त्यानंतर भिंतीचा वरचा थर. यात एक खाचखळगा असा, की छपराचं वजन भिंतींना दाबून धरतं आणि वासे त्याच वेळी त्यांना बाहेर ढकलत असतात. एका बाजूची सगळी कौलं उतरवली आणि दुसरी बाजू तशीच ठेवली, तर हा तोल बिघडतो. म्हणून आढ्यापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंच्या दोन-दोन ओळी आळीपाळीने खाली आणाव्यात. हजार चौरस फुटांच्या छपरावर मंगलोरी कौलं चौदाशेच्या आसपास असतात आणि कोरड्या कौलाचं वजन अडीच किलोच्या घरात असतं, म्हणजे साडेतीन टन माल डोक्यावरून हातोहात खाली यायचा असतो. शिडीवर एक, वळचणीला एक, अंगणात दोन, अशी माणसांची रांग लावली तर फुटकी निघतात ती आधीच फुटलेली असतात.

कौलं उतरवताना प्रत्येकाने एकदा तरी कौल पालथं करून पाहावं. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो 1865 साली, आणि त्यांच्या पुष्कळ कौलांवर नावासोबत हाच आकडा ठसवलेला आहे. त्यावरून ‘आमचं घर 1865चं’ असं सांगणारे कुटुंबप्रमुख मला कोकणात आणि गोव्यातही भेटले आहेत. तो आकडा कारखान्याच्या स्थापनेचा. घर त्याच्या पन्नास वर्षांनंतरचंही असू शकतं. आपल्या घराचं वय कमी करून घ्यायला कुणी तयार नसतं, म्हणून मी हल्ली वाद घालत नाही. कौल मात्र जपून ठेवावं. वाजवून खणखणीत असेल तर ते आणखी बरीच वर्षं छपरावर राहील.

लाकडाच्या बाबतीत घाई नको, एवढंच इथे सांगतो. पुढे त्याच्यावर एक पूर्ण प्रकरण आहे. बडा घर पोकळ वासा ही म्हण वाळवीने खरी करून दाखवलेली असते, पण वाळवी सगळीकडे सारखी लागत नाही. तुळईचं जे टोक भिंतीत घुसलेलं असतं ते आधी जातं, कारण ते भिंतीची ओल पितं. मधला भाग कित्येकदा लोखंडासारखा असतो. पेचकसाचं टोक दाबून पाहावं: बोटभर आत गेलं तर लाकूड गेलं, नुसता ओरखडा उठला तर ते तुमच्या नातवंडांनाही पुरेल. टोक गेलेल्या तुळईचा कुजका भाग कापून तिला सांधा मारता येतो, किंवा भिंतीलगत खांब देऊन तिचा भार घेता येतो. हे सुताराचं काम आहे. तुमचं काम इतकंच, की टोक दिसेपर्यंत भिंतीचा तेवढा भाग मोकळा करायचा, आणि त्याआधी तुळईखाली टेकू लावायचा. शहरात वाडा पाडणारे कंत्राटदार बऱ्याचदा मालकालाच उलट पैसे देतात, ते कशासाठी हे यावरून समजावं. त्यांना सागवान दिसत असतं.

‘स्वतः करा’ असं मी सांगतो तेव्हा कुठवर, हेही स्पष्ट असलं पाहिजे. ज्या भिंतीवर तुळई, वासा किंवा दुसरी भिंत टेकलेली आहे तिला अभियंत्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कारवीचा कुड, अर्ध्या विटेची मागून घातलेली आडभिंत, प्लायचं पार्टिशन हे तुम्ही काढू शकता. बाकी नाही. स्वतंत्र घरात चूक झाली तर आपलं छप्पर आपल्यावर पडतं. इमारतीत चूक झाली तर ते शेजाऱ्यावर पडतं. घाटकोपरची साईदर्शन ही चार मजली इमारत 25 जुलै 2017 रोजी कोसळली आणि 17 माणसं गेली. तळमजल्यावर तेव्हा फेरफाराचं काम चालू होतं. चाळीत किंवा सोसायटीत राहणाऱ्या वाचकाने या पुस्तकातली टाइल्स, गिलावा आणि जुनी कपाटं काढण्याची प्रकरणं वाचावीत, भिंतींचं प्रकरण सोडून द्यावं.

याउलट एक पाडकाम असं आहे, जे स्वतः करावंच असं मी आग्रहाने सांगेन, आणि त्यासाठी कोकणातून मराठवाड्यात जावं लागेल. तिथल्या माळवदाच्या घरांत लाकडी सरे आणि फळ्यांवर मातीचा जाड थर असतो. गळती लागली की लोक वर आणखी माती टाकतात. दरवर्षी थोडी, पिढ्यान्‌पिढ्या. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मातीत बांधलेल्या दगडी भिंती आणि वरचा हा भार एकदमच झोपलेल्या माणसांवर आला. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यातून वाचलेल्या घरांच्या मजबुतीकरणात माळवदावरची जादा माती उतरवणं हा एक उपाय सांगितला गेला होता. फावडं आणि घमेलं यांच्यापलीकडे त्याला काही लागत नाही. ओल अडवायचा थर नव्याने नीट घातला की जुन्या मातीची गरजही उरत नाही. तरीही लातूर-धाराशिवकडच्या गावांत आजही वीतभर, हातभर माती वाहणारी माळवदं आहेत. मागून झालेलं आधी काढा, या सांगण्याचं याहून गंभीर उदाहरण मला ठाऊक नाही.

आता धूळ. लोक पडण्याला घाबरतात आणि धुळीला हसतात. पडवीवरचे ते राखाडी नालीदार सिमेंटचे पत्रे जुने असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस आहे असं धरूनच चालावं. ब्रिटनने ते 1999 साली आणि युरोपीय संघाने 2005पासून पूर्ण बंद केलं; आपल्याकडे त्याचे पत्रे अजून विकले जातात. पत्रा अखंड असतो तोवर त्याचा धोका कमी असतो. तो फोडला, कापला, वरून खाली टाकला, की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात. फुफ्फुसात ते बसले की त्यांचा आजार कित्येक दशकांनी वर येतो, त्यामुळे गावात कुणी ‘आम्ही तर कितीदा फोडले, काही झालं नाही’ असं म्हणालं तर त्यावर विसंबू नये. पत्रा आधी पाण्याने भिजवावा, हुकचे बोल्ट सोडवावेत, गंजले असतील तर बोल्ट कापावेत, पत्रा कापू नये, आणि दोघांनी मिळून तो अखंड खाली उतरवावा. तोंडाला बांधलेला रुमाल इथे काही कामाचा नाही. नीट बसणारा, बारीक कण अडवणारा मास्कच हवा, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. पत्रे जास्त असतील किंवा आधीच चुरलेले असतील तर हे काम अंगावर घेऊच नये.

दारं-खिडक्यांवरचा ऑइलपेंट ही दुसरी गोष्ट. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण दशलक्षात 90 भागांच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017पासून लागू झाला. त्याआधीचे थर शिशाचे असू शकतात. ते कोरडे घासू नयेत आणि ब्लो-लॅम्पने जाळू तर मुळीच नयेत. घरात लहान मूल असेल तर त्या दिवसांत त्याला मामाकडे पाठवावं. चिरा-वीट फोडताना उडणाऱ्या धुळीचं काय करायचं, ते एका वाक्यात संपतं: आधी पाणी मारा.

बंद घराला रहिवासी नसतात हा गैरसमज आहे. कौलांच्या ढिगात आणि चिऱ्यांच्या फटीत विंचू असतात, सरपणाखाली फुरसं, आणि मण्यार तर घरातच शिरते. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने एकेकाळी माणसं, विशेषतः मुलं, दगावत असत. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी ग्रामीण रुग्णालयात काम करताना त्यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी ठरतं हे दाखवून दिलं, आणि मृत्यूचं प्रमाण खूप खाली आलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली ती याच कामाने गाजलेल्या आयुष्याची पावती. आपण मात्र औषधाच्या भरवशावर हात घालू नये. ढीग हाताने उपसायचा नाही, आधी पहारेने उलटायचा. गमबूट आणि जाड हातमोजे पहिल्या दिवसापासून हवेत. जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, हे काम सुरू करण्याआधी विचारून घ्यावं.

कागदपत्रांबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण ते वाचून कुणाला हुरूप येत नाही. घर सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. पुण्यात राहणारा चुलत भाऊ, ज्याने वीस वर्षांत घराकडे पाहिलेलं नाही, तो पहिली पहार लागल्याचं कळताच हजर होतो. दुसरं असं, की ग्रामपंचायतीच्या नमुना 8वर नोंद असलेलं घर ‘दुरुस्त’ करणं आणि ते पूर्ण पाडून ‘नवीन बांधकाम’ करणं यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. नव्या बांधकामाला नवे नियम लागतात. किनाऱ्याजवळ सीआरझेडच्या पट्ट्यात हा फरक फारच महागात पडू शकतो. जेसीबी बोलावणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. भिंती उभ्या आहेत तोवर तुमच्याकडे एक घर आहे. त्या गेल्या की तुमच्याकडे एक अर्ज असतो.

निघालेल्या मालाचं काय करायचं, हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. तो आधी विचारायला हवा. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याबद्दल केंद्रीय नियम आहेत, आणि तो वेगवेगळा करून ठेवण्याची जबाबदारी ज्याच्याकडे तो निर्माण होतो त्याच्यावर आहे. गावात मात्र तो रात्री पऱ्यात ढकलला जातो, आणि पुढच्या पावसाळ्यात पऱ्या कुणाच्या तरी खळ्यात शिरतो. हाताने उतरवलेल्या घरात टाकण्यासारखं थोडंच निघतं. मातीत किंवा चुन्यात बसवलेली वीट हातोडीच्या दोन टिचक्यांनी स्वच्छ होते, चिरा तर तसाच पुन्हा लागतो. सिमेंटमध्ये बसवलेला चिरा सांध्यात न सुटता मध्येच फुटतो. जुनी माती चाळून, भिजवून पुन्हा भिंतीत जाते. फुटक्या कौलांनाही काम आहे. तिरुवनंतपुरमला स्थायिक झालेले इंग्रज वास्तुविशारद लॉरी बेकर स्लॅबच्या खालच्या थरात, जिथे काँक्रीटचा फारसा उपयोग नसतो तिथे, टाकाऊ मंगलोरी कौलं बसवत. स्लॅब हलका होई, सिमेंट वाचे, आणि छताला खालून लाल नक्षी मिळे. न्हाणीचा किंवा पाण्याच्या टाकीचा स्लॅब घालायचाच असेल तर आपल्या कौलांचा यापेक्षा चांगला उपयोग मला सुचलेला नाही. मागून केलेल्या कामातून निघतं ते मात्र खरोखर टाकाऊ असतं: सिमेंटचे पापुद्रे, टाइल्सचे तुकडे, पीव्हीसीच्या पट्ट्या. ते जोत्याच्या भरावात घालू नका, वेगळं ठेवा.

वाचकाला आता वाटेल, की इतकं सगळं सांभाळून कोण करणार? मी पाहिलंय ते असं, की एक कुटुंब, गावातला एक जाणता सुतार आणि एक गवंडी एवढे असले की होतं. सुतार शक्यतो साठीच्या पुढचा बघावा. त्याने लहानपणी हीच घरं चढताना पाहिलेली असतात, त्यामुळे ती कशी उतरतील हे त्याला विचारावं लागत नाही. त्याला रोज चुकता द्या, त्याच्याशी घासाघीस करू नका, आणि तो ‘थांबा’ म्हणाला की थांबा. घरातल्या बायकांना या कामात नुसत्या चहापुरत्या ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडावी. कुठल्या कोनाड्यात पाणी झिरपायचं, चुलीचा धूर कुठून जायचा, मोरी पूर्वी कुठे होती, हे आत्या आणि थोरल्या काकू यांच्याइतकं कुणालाच आठवत नाही, आणि पहिल्या दिवशी पहार कुठे लावायची हे त्यांनीच सांगितलेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

सगळीच घरं वाचत नाहीत. ज्या घराचं जोतं खचलं आहे, ज्याच्या भिंती माथ्यापासून पायापर्यंत फाकल्या आहेत, ते उतरवावं लागतं, आणि तेव्हाही हाताने उतरवलं तर निदान चिरे, लाकूड आणि कौलं हाती लागतात. पण दर मे महिन्यात जी घरं ‘संपली’ म्हणून पाडली जातात, त्यांतली बरीचशी नुसती सिमेंट काढून, मोरी परसात हलवून आणि छप्पर पुन्हा शाकारून उभी राहिली असती, असं माझं ठाम मत आहे.

काम दिवाळीनंतर सुरू करावं. पाऊस ओसरलेला असतो, भिंती सुकायला लागलेल्या असतात, आणि मृगापर्यंत छप्पर पुन्हा चढवायला पुरेसे दिवस हाताशी राहतात. उघड्या छपराने पावसाळ्यात शिरायचं नाही. वेळ कमी असेल तर या वर्षी फक्त ताडपत्री टाकून घर कोरडं ठेवा आणि पुढच्या वर्षी हात घाला. आणि नुसता मेन स्विच बंद करून जुन्या वायरिंगवर विश्वास ठेवू नका, खांबावरून येणारी जोडणीच तोडून घ्या. त्याला वेळ लागतो, तेव्हा महावितरणकडे तसा अर्ज गणपतीतच देऊन ठेवा. तुम्ही त्या दिवसांत गावी असताच.